शेवटच्या रॉकरवर बोट

मी, खाली जिची सही आहे ती, वयाने पिकलेली, पायांनी गेलेली, पण डोक्याने अजून या घरातल्या कुणापेक्षाही बरी, हे मृत्युपत्र माझ्या स्वतःच्या हाताने लिहून ठेवते. कुणाच्या सांगण्यावरून नाही, कुणाच्या धाकाने नाही, आणि कुणाच्या गोड बोलण्यावरून तर मुळीच नाही. मी शुद्धीत असल्याचा कागद डॉक्टरीणबाईंनी दिला आहे, तो सोबत टाचला आहे. तिने मला विचारलं, "आजी, आज वार कोणता?" मी म्हटलं, "बाहेर बाकावर बसायला जागा नाही, म्हणजे सोमवार." तिने शिक्का मारला.

माझी शाळा तिसरीपर्यंत. पुढेही शाळा होती, मी नव्हते. तेव्हा ऱ्हस्वदीर्घ तपासणाऱ्याने या कागदाच्या वाटेला जाऊ नये.

कलम एक. याआधी मी कुठलंही मृत्युपत्र केलेलं नाही. मुलाने मागे एक टाईप केलेला कागद सहीसाठी आणला होता. त्यात "सर्व स्थावर जंगम मालमत्ता" अशा एका ओळीत माझं आयुष्य उरकलं होतं. तो कागद मी गळक्या तेलाच्या कॅनखाली घातला आहे. त्यावर माझी सही नाही, कॅनचा गोल डाग आहे. कुणी त्या डागाला अंगठा म्हणून पुढे केलं तर कोर्टाने वास घ्यावा.

कलम दोन. घर. वर माझ्या खोल्या, खाली गॅरेज, गॅरेजला लागून पुढची खोली, आणि मागे भाड्याने दिलेली एक खोली. हे घर माझ्या मुलाला. त्याला एकट्याला, कारण तो एकटाच आहे. दुसरं मूल होऊ द्यायला माझ्या नवऱ्याला गाड्यांखालून बाहेर यायला सवड नव्हती, आणि पुढे नवराच राहिला नाही. पुढच्या खोलीत माझे थोरले दीर राहतात. ते जिवंत असेपर्यंत तिथेच राहतील, दोन्ही वेळचं गरम जेवण त्यांना वरून जाईल, आणि कुणीही त्यांना हाकलू नये. ही दया नाही. दया असती तर कधीच वृद्धाश्रमात पाठवलं असतं. का ते पुढे येईल.

कलम तीन. बँकेतलं जे उरेल ते आधी दवाखान्याचं, मग सुनेचं. भांडी, लोखंडी कपाट आणि माझं घड्याळही सुनेचं. आमचं आयुष्यभर पटलं नाही, कारण ती माझ्यासारखीच तोंडाळ आहे. पण मी आजारी पडले तेव्हा माझं अंग पुसायला तीच आली, आणि पुसताना एकदाही "बिच्चाऱ्या" म्हणाली नाही. याची नोंद असावी.

कलम चार. हत्यारं. पाने, पुलर, दोन्ही जॅक, हवेचा पंप आणि भिंतीवरची पाटी, हे सगळं समोरच्या लेथवाल्याला. त्याने यातलं निम्मं आधीच उसनं नेलेलं आहे, म्हणजे हलवायचा त्रास निम्माच.

हत्यारं माझी कशी, तेही लिहून ठेवते, कारण पुढे कुणी म्हणेल बाईमाणसाची कसली हत्यारं. लग्न होऊन आले तेव्हा मला वाटलं, नवरा गाड्यांचा मिस्त्री, म्हणजे आपण खूप फिरणार. फिरले, पण गाडीच्या खालून. मिस्त्रींचा पंजा मोठा. इंजिनाच्या मागच्या अंगाला जिथे बोल्ट लपून बसतात तिथे तो शिरायचा नाही. एक दिवस त्यांनी मला चुलीपुढून उठवलं, म्हणाले, "जरा तुझा हात दे." मला वाटलं काही प्रेमाचं असेल. त्यांनी हातात दहा-अकराचा पाना ठेवला. तिथून जी बसले ती बसलेच.

कलम पाच. गाडी. खाली गॅरेजात ताडपत्रीखाली गोल नाकाची जुनी हिरवी गाडी आहे. तिचे कागद माझ्या नावावर आहेत. ती कुणाला द्यायची हे या कागदातलं खरं काम आहे. घर कुणीही सांभाळेल, घराला चावी लावली म्हणून ते कुणाला घेऊन दरीत जात नाही.

गाडी एका श्रीमंत गिऱ्हाइकाची होती. मिस्त्रींनी तिचं इंजिन पूर्ण उतरवून नवं बांधलं होतं. आता नवं बांधलेलं इंजिन म्हणजे काय, ते ज्याला ठाऊक नाही त्याच्यासाठी सांगते. त्याच्या आतल्या नळ्या कोरड्या असतात. तळाच्या चेंबरमध्ये तेल ओतलं म्हणजे ते वर पोचलं असं होत नाही, विहीर भरलेली असली म्हणून घागर भरत नाही. म्हणून चावी मारायच्या आधी पंप बाहेरून फिरवून तेल सगळ्या वाटांनी पाठवायचं, आणि ते अगदी शेवटच्या टोकाला, मागच्या शेवटच्या रॉकरवर, पाझरलेलं बघायचं. रॉकर म्हणजे इंजिनाच्या डोक्यावर वरखाली डुलणारे ते लोखंडी हात. तिथवर तेल आलं तर सगळीकडे आलं.

आमच्या गॅरेजात मिस्त्रींनी एक रीत घातली होती. दुसरीकडे कुठे मी ती पाहिली नाही. ज्याचा जीव त्या गाडीत बसणार, त्याचं बोट त्या शेवटच्या रॉकरवर. मालक असो, ड्रायव्हर असो, कलेक्टर असो. बोट तेलाने ओलं झालं की चावी हातात, तोवर नाही. गिऱ्हाइकं हसायची. हसत हसत बोट ठेवायची.

हे गिऱ्हाईक पांढरे कपडे घालून आलं होतं. मिस्त्री रेडिएटरचा पाइप आणायला बाजारात गेले होते. मी वर मुलाला जेवू घालत होते. खाली माझे दीर होते. गिऱ्हाइकाने घाई केली, बोट काळं करायला नको म्हणालं. दिरांनी कव्हर लावून टाकलं आणि चावी मारली. इंजिन लागलं, आणि इतकं गोड लागलं की मीही वरून ऐकलं आणि मनात म्हटलं, वा. नवं इंजिन कोरडं असलं तरी गोडच लागतं. जोडताना बेअरिंगांना जाड वंगण फासलेलं असतं, ते थोडा वेळ लाज राखतं.

मिस्त्री परत आले. त्यांनी दिरांना एवढंच विचारलं, "तेल फिरवलं?"

दीर म्हणाले, "फिरवलं."

मोठा भाऊ. त्याला दुसऱ्यांदा कोण विचारतो? मिस्त्री ट्रायल घ्यायला स्वतः गाडीत बसले आणि पाण्याच्या टाकीपलीकडच्या उतारावर गेले. मागचं बेअरिंग कोरडं जळून चिकटलं, पिस्टनचा दांडा तुटून इंजिनाच्या कुशीतून बाहेर आला, मागची चाकं जागच्या जागी धरली गेली आणि गाडी वळणावर भिंतीला गेली. गाडीला फार काही झालं नव्हतं. नाक चेपलं होतं. गिऱ्हाइकाने नंतर कागद माझ्या नावे करून पाठवले, तोंड न दाखवता, लोकांकरवी.

कलम सहा. तो तुटलेला दांडा माझ्या पलंगाखाली फडक्यात गुंडाळलेला आहे. तो माझ्या थोरल्या दिरांना. माझ्या पश्चात तो त्यांच्या हातात द्यावा, टेबलावर ठेवून जाऊ नये. कितीतरी वर्षांनी तापाच्या भरात ते मला म्हणाले होते, "काटा उठला होता गं. मी काटा बघितला." काटा म्हणजे डॅशबोर्डवरचा तेलाच्या दाबाचा काटा. या इंजिनाचा काटा पंपाच्या शेजारून दाब घेतो. पंपाशी तेल आलं की तो उठतो. मागच्या बेअरिंगचं काय झालं ते त्याला काय ठाऊक? उंबऱ्यावर उभं राहून सांगतो की घरात सगळे जेवले.

ताप उतरल्यावर त्यांनी तो विषय काढला नाही, मीही नाही. तेव्हापासून पाय जाईपर्यंत मी त्यांना रोज वाढलं आणि ते "पुरे" म्हणायच्या आत हात थांबवला. बाकी मी त्यांना काहीही त्रास दिलेला नाही.

कलम सात. गाडीचं इंजिन. फुटलेलं इंजिन टाकून दिलं. भंगारातून त्याच जातीचं दुसरं आणलं, आणि लेथवाल्याने आणि मी ते वर्षानुवर्षं, जमेल तसं, बांधलं. का बांधलं असं सगळे विचारतात. सुनेने तर एकदा विचारलं, "सासूबाई, जिने नवरा नेला तिलाच सजवताय?" मी म्हटलं, "तिने नाही नेला."

इंजिन आता गाडीत बसवलेलं आहे. वायरिंग उंदरांनी खाल्लेलं, ते व्हायचं आहे. ते होईपर्यंत मी असेन असं डॉक्टरीणबाईंच्या तोंडावरून वाटत नाही. आणि तेल आधीच फिरवून ठेवता येत नाही, फिरवलेलं तेल काही दिवसांत परत खाली उतरून बसतं. ते काम चावी मारायच्या दिवशीचंच. म्हणून रीत लिहून ठेवते.

प्लग काढावेत. प्लगांना ठिणगी वाटणारा डिस्ट्रिब्युटर काढावा. त्याच्या भोकातून लेथवाल्याने बनवलेला लांब दांडा खाली पंपापर्यंत घालावा आणि त्याला ड्रिल मशीन लावावं. मशीन उलटं फिरवायचं, सुलटं नाही. एकाने मशीन धरावं. दुसऱ्याने पुढून पाना लावून क्रँक, म्हणजे इंजिनाचा मुख्य आस, जरा जरा फिरवत राहावा, कारण क्रँक एकाच जागी उभा राहिला तर काही भोकं समोरासमोर येतच नाहीत आणि तेल तिथेच अडतं. वरचं कव्हर उघडं हवं. पुढच्या रॉकरवर तेल लवकर दिसेल. तिथे टाळ्या वाजवू नयेत. काटा उठेल. त्याच्याकडे पाठ करावी. मागच्या रॉकरला वेळ लागतो, आणि या इंजिनाला जास्तच लागेल, कारण भंगारात पडून त्याच्या मागच्या वाटेत गाळ धरला होता. लेथवाल्याने तार घालून तो काढला आहे. लेथवाला म्हणतो निघाला. मी म्हणते निघाला असेल. डोळ्यांनी तेल पाहीपर्यंत "असेल" हाच शब्द ठेवावा.

मग बोट.

कलम आठ. माझ्या मुलाबद्दल. तो जुन्या गाड्यांची खरेदी-विक्री करतो, चांगली करतो, लोक त्याच्यावर विश्वास ठेवतात. त्याच्या मनात पाप नाही. पाप असतं तर एक वेळ बरं होतं, पापी माणूस पुढचामागचा विचार तरी करतो. याला फक्त घाई आहे. त्याला या हिरव्या गाडीसाठी गिऱ्हाईक मिळालं आहे आणि तो मला रोज येऊन सांगतो.

"आई, लोकांना गाडी चालू बघायची असते गं. उभी गाडी कोण घेतं?"

"मग मी पण उभी राहत नाही हल्ली, मलाही विकून टाक."

"तू ना! एकदा सेल्फ मारून तर बघू."

"तेल फिरवल्याशिवाय?"

"अगं, हल्ली ऑइल असली येतात ना, भिंतीला लावलं तरी भिंत चालेल."

मी हसले नाही. हसायला हवं होतं, वाक्य चांगलं होतं. पण तो बोलताना बोटांनी मांडीवर ताल धरतो, आणि तसा ताल या घरात अजून एकच माणूस धरतो.

म्हणून मी डिस्ट्रिब्युटर काढून लेथवाल्याच्या ताब्यात दिला आहे. त्याच्याशिवाय इंजिन लागत नाही. शेवटच्या रॉकरवर ओलं बोट स्वतः पाहिल्यावरच त्याने तो परत बसवावा. लेथवाला माझ्यापेक्षा लहान आहे, तब्येत धडधाकट आहे, आणि डाव्या हाताचं एक बोट त्याने मशीनला वाहिलेलं असल्यामुळे घाई या शब्दाचा त्याला मनापासून राग आहे.

वरील कलमांप्रमाणे, आणि डिस्ट्रिब्युटर लेथवाल्याकडे असल्यामुळे, गाडी मी मुलालाच द्यावी असं ठरवलं होतं.

कलम नऊ. वरचं शेवटचं वाक्य रद्द समजावं. ते खोडलं नाही, कारण खाडाखोड केलेलं मृत्युपत्र कोर्टात लंगडं पडतं असं लेथवाला म्हणतो.

झालं ते असं. तपासणीसाठी मला दिवसभर दवाखान्यात ठेवलं होतं. परत आले तर गॅरेजच्या दाराला नवीन कुलूप. मागच्या खोलीत भाड्याने राहणारी शिलाईवाली माझा ब्लाउज द्यायला वर आली तेव्हा तिला विचारलं. ती आधी नाही नाही म्हणाली, मग दोरा दाताने तोडत म्हणाली, "आजी, वायरमन येऊन गेला. आणि तुमच्या मुलाने वर्तमानपत्रात गुंडाळून काहीतरी आणलं. वर टोपी आणि टोपीतून पाच-सहा तुरे निघालेले, असं काहीतरी."

म्हणजे डिस्ट्रिब्युटर. दुसरा. भंगारातून. तो मिळतो हे मला सुचलं नव्हतं, आणि मी स्वतः अख्खं इंजिन भंगारातूनच आणलेलं आहे.

"आणि आत कोण होतं?"

"तो आणि तुमचे दीर. दीर खुर्चीत बसून बॅटरीचा उजेड दाखवत होते."

मी दिरांना वर बोलावलं. जिना चढून आले, धापा टाकत दारात उभे राहिले. मी बसा म्हटलं नाही.

"भावजी, खाली काय चाललंय?"

"तेल फिरवतोय तो."

"क्रँक कोण फिरवत होतं?"

"तो एकटाच होता. एकटा माणूस किती करणार?"

"कव्हर उघडं होतं?"

ते भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होते. "काटा उठला," म्हणाले.

"तुम्ही त्याला सांगितलंत का? काट्याचं?"

त्यांनी बॅटरीचं बटण दाबलं, सोडलं, दाबलं. भर उजेडात. मग म्हणाले, "तो ऐकत नाही."

"मी तो ऐकतो का विचारलं नाही. तुम्ही सांगितलंत का विचारलं."

ते उतरून गेले. जिन्यात बराच वेळ त्यांचे पाय वाजत होते. म्हातारा माणूस हळू उतरतो, पण इतका हळू नाही. मध्ये थांबले होते. मला वाटलं परत येतील. आले नाहीत.

मुलाला बोलावलं. तो आलाच नाही, खालूनच ओरडला, "आई, कव्हर चिकटवून बंद केलंय, आता उघडलं तर सगळं फुकट जाईल. मस्त दाब आहे. तू आराम कर." मला जिना उतरता येत नाही हे त्याला माहीत आहे. मी त्याला नुसता उतावळा समजत होते. तो हुशार आहे.

कलम दहा. गाडी मुलाला नाही. गाडी माझ्या नातीला, म्हणजे त्याच्याच मुलीला, देते. ती पर्यटकांची गाडी चालवते, स्वतःचं पोट भरते, कुणाच्या मेहेरबानीवर नाही. तिच्या हाताला रस्त्याची सवय आहे आणि मिस्त्रींसारखा मोठा पंजा आहे. ही गाडी तिची, पूर्ण मालकीची, आणि ती विकायची की ठेवायची हे तिचं ती ठरवेल. मात्र कलम सातप्रमाणे इंजिनाचं कव्हर उघडून, तेल फिरवून, तिने स्वतःचं बोट शेवटच्या रॉकरवर ठेवल्याशिवाय तिने किंवा इतर कुणीही चावी मारू नये. आधीच कुणी चावी मारलेली असेल, तर इंजिन उतरवून मागचं बेअरिंग डोळ्यांनी पाहावं.

हे कलम मी आज सकाळी लिहिलं आणि सहीसाठी साक्षीदारांना बोलावलं. दुपार कलताना लेथवाला आला, शिलाईवाली आली. आम्ही तिघं टेबलाशी बसलो होतो. नात आपल्या कामावरून परस्पर वर आली. ती येणार हे मला माहीत नव्हतं. बापाने बोलावलं होतं, असं तिनेच सांगितलं. गिऱ्हाईक उतारापलीकडे राहतं, गाडी त्याच्या दारात नेऊन दाखवायची होती, आणि उतारावर जुनी गाडी हाताळायला बापाला स्वतःचा भरवसा नव्हता. तेवढी अक्कल त्याला आहे.

"आजी, काय लिहितेयस? माझ्या नावावर काय?" ती अशीच बोलते. माझ्या खांद्यावरून वाकली.

मी म्हटलं, "वाचून दाखवते, बस."

ती बसली नाही. मी वाचायला लागले. कलम दहा, गाडी मुलाला नाही. तिने "अरे देवा, बाबा!" म्हणून तोंडावर हात ठेवला आणि हसली. मी पुढे वाचलं. गाडी माझ्या नातीला. ही गाडी तिची, पूर्ण मालकीची.

"माझी?"

"पुढे ऐक."

"आजी! माझी? खरंच? ती हिरवी?"

"अगं ऐक, मात्र..."

तिने माझं डोकं दोन्ही हातांनी धरलं आणि टाळूवर मुका घेतला. या घरात असले प्रकार होत नाहीत, मी गप्प झाले. तेवढ्यात ती दाराबाहेर. "आलेच! एक चक्कर मारून येते, तू खिडकीतून बघ!" जिन्यावर तिच्या चपला वाजल्या. लेथवाला उठून ओरडला, "पोरी, थांब!" पण खाली बाप उभा होता, दार उघडं होतं, आणि "बाबा, आता गाडी माझी, चावी टाका," असं तिचं हसणं मला ऐकू आलं.

मग सेल्फ फिरला. इंजिन पहिल्या झटक्यात लागलं. फार गोड लागलं.

मला लिहिण्याचा सराव नाही. सराव असता तर मी अट आधी लिहिली असती आणि गाडी मागाहून. वकील लोक शेवटी लिहितात म्हणून मीही शेवटी लिहिली. माणूस आपलं नाव येईपर्यंतच ऐकतो हे मला या वयात कळायला हवं होतं.

मी खिडकी उघडून हाका मारल्या. माझा आवाज आता जिन्यापर्यंत जात नाही, तर इंजिनावरून कुठून जाणार? गाडी गॅरेजातून बाहेर आली तेव्हा माझे दीर आपल्या खोलीतून निघून रस्त्याच्या मध्ये येऊन उभे राहिले. काठी नव्हती हातात. त्यांनी हात वर केला. तोंड उघडलं की नाही ते मला वरून दिसलं नाही. पोरीने काच खाली करून त्यांना टाटा केलं, वळसा घालून त्यांच्या बाजूने गाडी काढली आणि टाकीच्या दिशेने गेली. ते हात वर धरून तिथेच उभे होते. नंतर त्यांना मुलाने धरून बाजूला केलं. मुलगाही तेव्हा पहिल्यांदा वर माझ्या खिडकीकडे बघत होता. त्याला बघायचं होतं ते त्याला माझ्या तोंडावर दिसलं.

लेथवाल्याने पेन फेकलं आणि स्कूटर काढली.

कलम अकरा. वरचं सगळं लागू आहे, पण गाडी आता घरात नाही, म्हणून हे कलम जोडते. यात अट आधी आहे.

टाकीपलीकडून गाडी परत आली, आणि तिच्यातून नात स्वतःच्या पायांनी उतरली, तर गाडी तिची. इंजिन त्याच क्षणी बंद करावं. त्यानंतर तिला आधी माझ्याकडे पाठवावं, मी तिच्या एक ठेवून देणार आहे, मग कलम दहाप्रमाणे मागचं बेअरिंग उघडून पाहावं. मुलाचं घर मुलाचं राहील. दिरांची खोली दिरांची राहील, आणि कलम सहा रद्द होईल, कारण ते रस्त्यात उभे राहिले. उशिरा राहिले, पण राहिले.

नाही आली, तर कलम दोन, तीन, चार, दहा यांतलं काहीही कुणालाही दिलेलं नाही असं समजावं. मग घर कुणाला, ते मला ठरवता येत नाही. मुलाला द्यायचं तर त्याने त्यात राहायचं कसं, ते मला माहीत आहे, मी राहिले आहे. ती ओळ रिकामी सोडते.

मुलगा आता वर आला आहे. दारात उभा आहे. "आई, आवाज चांगला होता ना गं?" असं त्याने दोनदा विचारलं. सुनेने त्याला पाणी दिलं, ते त्याने हातात धरलं आहे. दीर जिन्याच्या खालच्या पायरीवर बसले आहेत. शिलाईवाली खिडकीशी उभी राहून मला रस्ता सांगते, कारण माझी नजर टाकीपर्यंत पोचत नाही. आत्ता एक ट्रक गेला म्हणते. आत्ता काही नाही म्हणते.

हे मृत्युपत्र मी वाचलं आहे, मला ते समजलं आहे, आणि ते माझ्या मनाप्रमाणे आहे, गाडीचं सोडून. सही करते.

सही: (केली आहे)

साक्षीदार पहिली: शिलाईवाली, मागची खोली. माझ्यासमोर सही केली. सही करतानाही ती खिडकीबाहेरच बघत होती, म्हणून ओळ वाकडी गेली आहे. ती चालेल.

साक्षीदार दुसरा: समोरचा लेथवाला. जागा मोकळी ठेवली आहे. तो गाडीच्या मागे गेला आहे, आल्यावर सही करेल. दोन साक्षीदारांशिवाय हा कागद पुरा होत नाही, तेव्हा तो येईपर्यंत कुणीही याची घडी घालू नये.

स्थळ: वरची खोली.

दिनांक: आजचाच. ऊन उतरलं आहे, पण दिवा लावू दिलेला नाही. दिवा लावला की काचेत आपलीच तोंडं दिसतात, रस्ता दिसत नाही.